शेवंतीचे पुढचे खूर : लॅमिनायटिसनंतरच्या दहा महिन्यांच्या नोंदी

मी नागपुरात नालबंदीचे काम करतो. माझे वडील टांग्याच्या घोड्यांना आणि बैलांना नाल ठोकत असत. आता माझ्याकडे येणारे घोडे बहुतेक वरातीचे असतात आणि हंगामात काही बैलजोड्या येतात. पुढील नोंदी शेवंती नावाच्या नऊ वर्षांच्या घोडीच्या आहेत. ती खांद्यापाशी साधारण १४२ सेंटिमीटर उंच आहे आणि लग्नसराईत वरातीला जात असे. अशा खुरांचे काम प्रथमच हाती घेणाऱ्या नालबंदाला माझ्या चुका तरी टाळता याव्यात, म्हणून वहीतील नोंदी येथे नीट लिहून काढल्या आहेत. औषधे डॉक्टरांनी दिली. त्यांची मात्रा मी मुद्दाम लिहिलेली नाही, कारण ती ठरवणे नालबंदाचे काम नव्हे.

२१ फेब्रुवारी २०२३

काटोल नाक्याजवळच्या तबेल्यातून सकाळी फोन आला. महाशिवरात्रीच्या रात्री, म्हणजे १८ तारखेला, सईस मुलगा जत्रेला गेला होता, घोडीची दोरी सुटली आणि चंदीच्या पिंपाचे झाकण उघडे राहिले होते. हरभरा आणि गहू मिळून सात-आठ किलो तरी तिच्या पोटात गेले असावे. १९ला पोट बिघडले आणि २०ला सकाळी पाय धरले. मालक काकांनी तिला वीस-पंचवीस मिनिटे सिमेंटच्या रस्त्यावर चालवले होते. "पाय मोकये होतीन म्हून फिरवली, भाऊ," असे ते म्हणाले. त्यांना मी दोष देत नाही, माझ्या वडिलांच्या पिढीत हाच उपाय सांगत. पण या आजारात, म्हणजे लॅमिनायटिसमध्ये, चालवणे म्हणजे दुखणे वाढवणे. खुराची भिंत आतल्या हाडाला शेकडो बारीक पापुद्र्यांनी शिवलेली असते. ते पापुद्रे सुजले की शिवण उसवू लागते, आणि प्रत्येक पावलागणिक वरून अंगाचे वजन व मागून खोल स्नायुबंधाची ओढ असे दोन्ही ताण त्या उसवलेल्या जागेवर येतात.

मी पोहोचलो तेव्हा शेवंती पुढचे दोन्ही पाय लांब टाकून, सगळे वजन मागच्या पायांवर रेलून उभी होती. घोट्याच्या मागे बोट ठेवले की नाडी बोटाला उचलत होती. दोन्ही पुढचे खूर गरम होते. डॉक्टरांनी आदल्या दिवसापासून बर्फ सुरू केला होता, पण तो घमेल्यात असल्याने खूरच तेवढे बुडत होते. आम्ही ट्रकच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे कापून पायात मोज्यासारखे चढवले, खाली दोरीने आवळले आणि घोट्याच्या वरपर्यंत बर्फाचे तुकडे व पाणी भरले. बर्फाचा खरा उपयोग पहिल्या दोन-तीन दिवसांतच होतो, त्यामुळे आमचे जवळजवळ पूर्ण चोवीस तास वाया गेले होते.

नाल काढताना घाई केली नाही. नेहमीप्रमाणे खिळ्यांची वळलेली टोके हातोडीने उघडली असती तर प्रत्येक ठोका तिच्या जिव्हाळी लागला असता, म्हणून ती टोके कानशीने घासून काढली आणि एकेक खिळा पक्कडीने सरळ ओढला. एका पायावर तिला उभे राहवत नव्हते. दुसऱ्या पायाखाली घड्या घातलेल्या चार गोधड्या टाकल्या आणि दर दोन मिनिटांनी पाय खाली ठेवू दिला. नेहमी दहा मिनिटांत उरकणाऱ्या या कामाला आज पाऊण तास लागला.

२२ फेब्रुवारी

तळव्याखाली आधार देण्यासाठी मी टीव्हीच्या खोक्यातला थर्मोकोल कापून बांधला. सकाळी बांधला आणि दुपारी चार वाजता त्याचा भुगा झालेला होता. घोडी पुन्हा जमिनीवरच उभी होती. फुकट मिळाला म्हणून वापरला, आणि एक दिवस घालवला.

२३ फेब्रुवारी

गच्चीच्या उष्णतारोधनासाठी मिळतो तो निळा, घट्ट, ५० मिलिमीटर जाडीचा फोमचा पत्रा इतवारीतून आणला; ४५० रुपये लागले. खुराच्या आकाराचे चार तुकडे कापले, त्यांतले दोन तळव्याला लावून डक्ट टेपने बांधले. हा फोम एकदम चुरत नाही. तो हळूहळू दबतो आणि तळव्याचा आकार घेतो. बांधल्यावर दहा मिनिटांत तिने मान खाली घातली आणि गवताला तोंड लावले. तबेल्यात एक फूट जाडीची कोरडी वाळू टाकायला सांगितले. चंदी पूर्ण बंद. गवत तासभर पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून मग द्यायचे, म्हणजे गवतातली काही साखर निघून जाते. सईसाने पहिल्या रात्री गवत रात्रभर भिजत ठेवले आणि सकाळी त्याला आंबूस वास येत होता. आपल्याकडच्या उष्म्यात एका तासापेक्षा जास्त भिजवू नये.

२४ फेब्रुवारी

फोम चोवीस तासांत सुमारे निम्म्यावर दबला होता. त्याचा पुतळीच्या (तळव्याच्या मधला मऊ, त्रिकोणी भाग) टोकापुढचा भाग सुरीने कापून टाकला, म्हणजे हाडाच्या टोकाखालच्या दुखऱ्या जागेवर दाब राहिला नाही, आणि त्याखाली नवा अखंड तुकडा बांधला. नाडी किंचित शांत वाटली.

४ मार्च

एक्स-रे काढला. घोडीला गाडीत चढवून नेणे धोक्याचे होते, म्हणून फिरते यंत्र असणाऱ्या खाजगी डॉक्टरांना तबेल्यात बोलावले. फेरीचे १,५०० रुपये. खुराच्या पुढच्या भिंतीवर केसांच्या कडेपासून खाली सरळ तार चिकटवली आणि पुतळीच्या टोकावर एक टाचणी लावली. या दोन खुणा नसतील तर चित्रात हाड दिसते, पण बाहेरच्या खुराशी त्याचे नाते कळत नाही.

डाव्या पायात हाड भिंतीपासून ९ अंशांनी फिरलेले होते, उजव्यात ६ अंशांनी. हाडाच्या टोकाखाली तळव्याची जाडी डावीकडे ७ आणि उजवीकडे १० मिलिमीटर निघाली. निरोगी घोड्यात ती किमान १५ असावी. ७ मिलिमीटर म्हणजे हाड आणि वाळू यांच्यामध्ये माझ्या करंगळीच्या रुंदीपेक्षाही कमी अंतर. मी तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिला आणि तळव्याला सुरी लावायची नाही असे त्याखाली लिहिले.

६ मार्च, होळी

पहिली छाटणी केली. बाहेरून पाहता टोक लांबलेले आणि टाच ठीक दिसत होती. डोळ्यांवर विसंबलो असतो तर टोक खालून कापले असते आणि उरलेला तळवाही गमावला असता. एक्स-रेचे चित्र तबेल्याच्या भिंतीवर टांगून काम केले. हाड पुढे झुकलेले असल्याने त्याचा तळ जमिनीला समांतर आणायचा तर खालून टाच उतरवावी लागते, टोक नव्हे. टोकाचा लांबलेला भाग समोरून, भिंतीच्या बाजूने घासायचा असतो. टाच एकदम उतरवली तर मागच्या स्नायुबंधाला अचानक ताण बसतो, म्हणून आज फक्त ४ मिलिमीटर काढली आणि टाचेखाली फोमची पाचर ठेवून ती उंची तात्पुरती परत दिली. विरोधाभास वाटेल, पण पाचर उद्या पातळ करता येते, आणि खूर एकदा हाडाला समांतर कापलेला असला की पुढचे सगळे मोजमाप त्यावरून करता येते.

केसांच्या कडेखाली नव्या वाढीची एक बारीक वळी उमटलेली दिसली. तिच्यावर कानशीने हलकी खूण केली. पुढच्या भिंतीची लांबी ८२ मिलिमीटर आहे. ही खूण जमिनीपर्यंत पोहोचेपर्यंत नवा खूर तयार झाला असे म्हणता येणार नाही.

२५ मार्च

बदामी नाल घडवली. या नालेला मागून एक पट्टी येते आणि ती बदामाच्या आकारात पुढे जाऊन पुतळीवर टेकते, म्हणजे भिंतीवरचा काही भार पुतळी उचलते. २० बाय ८ मिलिमीटरची मऊ लोखंडी पट्टी घेतली, ऐरणीवर वाकवली, पट्टी वेल्डिंगने जोडली. पहिली नाल वेल्डिंगच्या उष्णतेने तिरकी झाली आणि टाकून द्यावी लागली. दुसरीला चार तास लागले. पट्टीचे टोक पुतळीच्या टोकापासून १० मिलिमीटर मागे राहील असे मोजून ठेवले आणि खिळे फक्त मागच्या, घट्ट भिंतीत मारले. घोडी शांत उभी राहिली. मालक काका खूश झाले, मीही समाधानाने घरी गेलो.

२८ मार्च

शेवंती पुन्हा मागे रेलून उभी. डाव्या पायाची नाडी २१ फेब्रुवारीसारखी उडत होती. नाल लगेच काढली.

दोन चुका झाल्या होत्या आणि दोन्ही माझ्याच. पहिली अशी की मी पुतळीचे जे टोक मोजले ते खरे टोक नव्हतेच. तीन आठवड्यांत पुतळी पुढे वाढून मऊ पापुद्र्यासारखी तळव्यावर पसरली होती. आज तो पापुद्रा सुरीने सोलला तेव्हा खरे टोक १४ मिलिमीटर मागे निघाले, म्हणजे माझ्या नालेची पट्टी खऱ्या टोकाच्या ४ मिलिमीटर पुढे जाऊन नेमकी हाडाच्या टोकाखाली दाबत होती. दुसरी चूक अधिक गंभीर आहे. नाल ठोकली त्या दिवशी घोडी फेनिलब्युटाझोन या वेदनाशामक औषधाच्या पूर्ण अमलाखाली होती, म्हणून ती शांत उभी राहिली. २७ला डॉक्टरांनी मात्रा कमी केली आणि दुखणे वर आले. तिचे शांत उभे राहणे ही माझ्या कामाची पावती आहे असे मी समजलो, आणि ते औषधाचे काम होते. यापुढे कोणताही दाब देणारी वस्तू पायाला लावायची तर औषध सगळ्यात कमी असेल त्या दिवशी, डॉक्टरांना विचारून लावायची, आणि ठोकण्यापूर्वी हाताने धरून, दुसरा पाय उचलून, निदान एक मिनिट तिला त्यावर उभे करून बघायचे, असे ठरवले.

लोखंड, कोळसा आणि वेल्डिंग मिळून १,३०० रुपये आणि दोन दिवस गेले. ते पैसे मी मालकांकडून घेतले नाहीत. घोडीचे तीन दिवस गेले ते भरून देता येण्यासारखे नाहीत.

३० मार्च

बदामी नाल सोडून दिली. ती वाईट आहे असे नव्हे. ती बसवण्याइतका अचूक हात या घटकेला माझ्याकडे नाही, आणि ७ मिलिमीटरच्या तळव्यावर हात बसवण्याचा सराव करणे योग्य नाही. चपलांच्या तळव्यांना वापरतात तो ईव्हीए फोम १५ मिलिमीटर जाडीचा आणला (३८० रुपये), पुढची कड खालून तिरकी कापली आणि टेपने बांधला. दर तिसऱ्या दिवशी टेप बदलावा लागतो. सईसाला बांधायला शिकवले. टेप केसांच्या कडेला आवळला जाऊ नये एवढे त्याला तीनदा सांगितले.

१३ एप्रिल

पहाटे फोन. उजवा पाय, म्हणजे दोहोंतला बरा पाय, तिने पूर्ण उचलून धरला होता. आजार उलटला असे सगळ्यांना वाटले, मलाही. एकाच पायात, एका रात्रीत आणि इतके तीव्र लंगडणे आले की आधी पू झाला असेल असा विचार करावा, हे मला माहीत असूनही मी दुपारपर्यंत फोमची जाडी बदलत बसलो. दुपारी चिमट्याने खुराभोवती दाबत गेलो. टोकापासून दोन बोटे बाहेरच्या बाजूला दाबताच तिने पाय हिसकला. तेथे पांढऱ्या रेषेत, म्हणजे भिंत तळव्याला जेथे मिळते त्या रेषेत, मोहरीएवढा काळा ठिपका होता. डॉक्टर आल्यावर त्यांच्यासमोर बारीक सुरीने तो ठिपका खणत गेलो. एक सेंटिमीटरवर करडे, पातळ, घाण वासाचे पाणी बाहेर आले आणि माझ्या मनगटावरून ओघळले. घोडीने लांब श्वास सोडला व पाय टेकवला.

छिद्र तळव्याच्या बाजूला न वाढवता भिंतीच्या बाजूलाच ठेवले. जुलाबाचे मीठ आणि गव्हाचा कोंडा यांचे कोमट पोटीस, त्यावर लहान मुलांचे डायपर आणि वर टेप, असे पाच दिवस बांधले. डायपरची युक्ती डॉक्टरांची. ते ओल धरून ठेवते आणि खुराच्या आकारावर बसते. धनुर्वाताची लस आधी दिलेली नव्हती, ती त्याच दिवशी दिली. उसवलेल्या पापुद्र्यांमधले मेलेले रक्त पुढे काही आठवड्यांनी असे पू होऊन बाहेर पडते. शेवंतीला जूनपर्यंत आणखी दोनदा पू झाला. ते दोन्ही मी तासाभरात उघडले.

७ मे

वाढ मोजली. खूण दोन महिन्यांत १२ मिलिमीटर खाली आली, टाच त्याच काळात १९ वाढली. या आजारात टोक हळू आणि टाच वेगाने वाढते, त्यामुळे छाटणी सहा आठवड्यांवर ठेवून चालत नाही. चार आठवड्यांवर आणली.

उष्मा वाढला आहे. वाळूवर संध्याकाळी पाणी शिंपडतात. बाकी काही नाही.

१२ जून

दुसरा एक्स-रे. तळवा डावीकडे ११, उजवीकडे १४ मिलिमीटर. नवी भिंत जेथपर्यंत उतरली आहे तेथपर्यंत ती हाडाला समांतर आहे. खालची जुनी भिंत मात्र पुढे पसरलेलीच आहे, म्हणून दोन्हींच्या सांध्यावर बाहेरून कोन दिसतो. डॉक्टरांनी औषध बंद केले.

पावसाळ्यात टेप टिकणार नाही. म्हणून लाकडी तळ लावायचे ठरवले. लाकडी तळासाठी खुरात खिळा ठोकावा लागत नाही, सगळ्या बाजूंनी कड तिरकी कापता येते आणि घोडी आपल्याला सोयीच्या बाजूने पाय वळवू शकते. १९ मिलिमीटरच्या प्लायचे दोन थर चिकटवून खुराच्या आकाराचे तळ कापले, खालची कड पंचेचाळीस अंशांत उतरवली आणि पुढची कड इतकी मागे घेतली की पाय उचलताना तिचा टेकू हाडाच्या टोकाच्या सरळ खाली येईल. तळवा आणि लाकूड यांच्यामध्ये दोन डब्यांतून मळायचा मऊ सिलिकॉनचा लगदा भरला (३,२०० रुपये, चार वेळा पुरला). स्क्रू खुरात न घालता भिंतीला बाहेरून टेकतील असे लाकडात बसवले आणि सगळ्यांवरून हाड मोडल्यावर लावतात ती फायबरची पट्टी गुंडाळली.

लगदा घट्ट होईपर्यंत पाय वर धरून ठेवायचा असतो. मी तो लगेच टेकवू दिला आणि डाव्या पायाचा लगदा मागे सरकला. काढून पुन्हा भरला.

३ जुलै

आषाढी झाली. यंदा अधिक श्रावण असल्याने चातुर्मास पाच महिन्यांचा आहे आणि कार्तिकीपर्यंत वराती नाहीत, त्यामुळे मालकांवर घोडी लवकर उभी करण्याचा ताण नाही. हा योगायोग शेवंतीच्या पथ्यावर पडला असे मला मनापासून वाटते.

पण लाकडी तळ गेले. साधा प्लाय वापरला होता. तीन आठवड्यांच्या ओलीने त्याचे थर सुटले आणि उजवा तळ मागच्या बाजूला फुगला. त्यामुळे पाय आतल्या बाजूला कलला होता. फुगलेल्या तळावर ती नेमकी किती दिवस चालली हे मला माहीत नाही, कारण मी दहा दिवस तिकडे फिरकलो नव्हतो.

८ जुलै

पाण्यात टिकणारा मरीन प्लाय आणला. तुकड्याला १,१०० रुपये. कापलेल्या कडांना वॉर्निशचे तीन हात दिले, कारण पाणी पृष्ठभागातून नव्हे तर कडेतून शिरते. आता दर आठवड्याला जाऊन सपाट फळीवर घोडी उभी करून तळ कलला आहे का ते पाहतो.

११ ऑगस्ट

तळ बदलताना पुतळीच्या खाचेत काळे, दुर्गंधीचे पाणी आढळले. लगद्याने तळवा झाकला गेला की हवा लागत नाही आणि पावसाळ्यात पुतळी सडू लागते. मेलेला भाग काढला, मोरचुदाच्या पातळ द्रावणात कापूस भिजवून खाचेत बसवला. द्रावण दाट केले तर ते जिवंत भागही जाळते. येथे उतावीळ होऊ नये. नव्या लगद्यात थोडा मोरचूद मिसळला आणि मागची खाच उघडी ठेवली. वाढ आता महिन्याला ९ मिलिमीटर आहे.

१५ सप्टेंबर, तान्हा पोळा

पोळ्याआधीचे दहा दिवस बैलांमध्ये गेले. बैलाच्या एका खुराला दोन पत्र्या लागतात आणि माणसे रांगेत उभी असतात. शेवंतीची छाटणी त्यामुळे पाच दिवस लांबली. टाच ५ मिलिमीटर जास्त वाढलेली होती आणि तिची पावले आखूड झाली होती. छाटल्यावर दुसऱ्या दिवशी मोकळी चालली.

२३ सप्टेंबर

काल मध्यरात्रीनंतर चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. तबेला त्या प्रवाहात नव्हता, तरी आवारात गुडघाभर पाणी साचले आणि वाळू वाहून जाऊन खालची काळी माती वर आली. सईस मुलाने घोडीला पहाटे दोन वाजता शेजारच्या गोदामाच्या चौथऱ्यावर चढवले. त्या चौथऱ्याला तीन पायऱ्या आहेत. फेब्रुवारीत जी दोन पावले टाकत नव्हती ती अंधारात पायऱ्या चढली, हे त्याने मला दोनदा सांगितले.

फायबरची पट्टी सुटली होती, लाकूड मात्र शाबूत होते. खूर ओलीने इतके मऊ झाले होते की अंगठ्याने तळवा दबत होता. अशा खुराला कानस लावायची नाही. दोन दिवस सिमेंटच्या चौथऱ्यावर रबरी चटई आणि भुसा टाकून कोरडे होऊ दिले, मग पट्टी पुन्हा गुंडाळली. नवी वाळू दोन ब्रास, ७,००० रुपये.

१४ ऑक्टोबर

लाकूड काढून उलटी नाल बसवली, म्हणजे नालेचे उघडे तोंड पुढे आणि बंद बाजू टाचेकडे. पुढच्या भिंतीवर काहीच टेकत नाही. खिळे सहाच, तेही नव्या घट्ट भिंतीत. डाव्या पायाच्या बाहेरच्या बाजूचा तिसरा खिळा मारताना आवाज बदलला. टणक भिंतीत खिळा जातो तेव्हा ठोक्याचा नाद चढत जातो. हा बसका आला. लगेच ओढून काढला, टोकाला ओल नव्हती, रक्त नव्हते. त्या छिद्रात आयोडीन घातले आणि तेथे खिळा मारलाच नाही. पाचांवर नाल राहिली.

१८ नोव्हेंबर

तिसरा एक्स-रे. तळवा डावीकडे १५, उजवीकडे १७. खूण ६७ मिलिमीटर खाली आली आहे. फिरलेले हाड मागे जात नाही. नवी भिंत हाडाच्या बाजूने खाली उतरते आणि अंतर भरून काढते. डाव्या पायात अजून २ अंशांचा फरक आहे आणि हाडाच्या टोकाची कड जराशी झिजलेली दिसते. ती झीज भरून येणार नाही, असे डॉक्टरांनी मालकांना माझ्यासमोर स्पष्ट सांगितले.

काकांनी विचारले, "तुळशीचं लगन झाल्यावर वरातीले नेता येईन का?" मी नाही म्हणालो. डांबरी रस्त्यावर तीन तास एका जागी उभे राहणे, बँडच्या तालावर पाय आपटणे आणि लोकांनी हौसेने चारलेला गूळ, या तिन्ही गोष्टी तिला पुन्हा फेब्रुवारीत नेऊन सोडतील. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी दुसरी घोडी भाड्याने आणण्याचे ठरवले. वरातीचा एक हंगाम म्हणजे त्यांच्या घराचे अर्ध्या वर्षाचे उत्पन्न आहे. हा निर्णय त्यांना किती जड गेला हे मी जवळून पाहिले आहे, म्हणून तो येथे नोंदवून ठेवतो.

३० डिसेंबर

खूण ७९ मिलिमीटरवर आली आहे. आज जुन्या भिंतीची शेवटची कड कानशीने काढली. ती हातात घेतली तेव्हा तिच्या आतल्या बाजूची पांढरी रेषा अर्धा बोट रुंद, भुसभुशीत आणि रक्ताच्या तांबूस डागांची होती. त्याच जागी नव्या खुराची पांढरी रेषा आगपेटीच्या काडीएवढी बारीक आणि घट्ट आहे.

एकूण खर्च, माझी मजुरी धरून, ४१,००० रुपयांच्या आसपास गेला. त्यातले साधारण ५,००० माझ्या चुकांचे होते आणि ते मी सोसले. मेहनतीपेक्षा वेळच अधिक गेला. वहीत अठ्ठेचाळीस फेऱ्या नोंदवलेल्या आहेत.

उलटी नाल काढून साधी, पुढून गोलसर उचललेली नाल बसवली. शेवंती वाळूवर दोन्ही बाजूंना वळून चालली. डावीकडे वळताना पहिले पाऊल अजून जपून टाकते. चंदी बंदच आहे आणि पिंपाला आता कडी-कुलूप आहे. पुढची छाटणी २७ जानेवारीला.